घडी मोडण्याआधी

आमच्या अक्काच्या बोटांवर बोरीतल्या बायकांचा जेवढा विश्वास होता, तेवढा सोनाराच्या तराजूवरही नव्हता. गावात कुणाचं लग्न ठरलं, की दोन-चार दिवसांत आमच्या दारात माणूस उभं राहायचं. "बायनाबाई, बस्ता हाय, तुमी पायजेत." नवरीच्या शालूपासून मामाच्या टोपीपर्यंत सगळं कापड एका दिवसात, एका दुकानात घ्यायचं आणि दोन्हीकडच्या माणसांचं एकमत होईस्तोवर गादीवरून उठायचं नाही, असा आमच्याकडचा बस्ता. माणसं एकमेकांना पहिल्यांदा नीट ओळखतात ती तिथंच. सोयरिकी जुळतात घरात आणि मोडतात बस्त्यात.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. मी धाकटी, छबू. जावाजावांचं पटत नाही असं लोक म्हणतात. आमचंही पटत नव्हतं, पण एकमेकींवाचून करमतही नव्हतं. ती सावकाश बोलणारी, मी फटकळ. ती भाजीला मीठ कमी घालायची आणि मी तिच्या माघारी वरून टाकायची.

पण गादीवर बसली की अक्का वेगळीच व्हायची. लुगड्याचा कोपरा मुठीत चुरगाळून सोडायची आणि घडी किती पडते ते बघायची. बोट ओलं करून काठावर घासायची, मग तेच बोट स्वतःच्या पांढऱ्या पिशवीवर. रंग लागला की लुगडं बाजूला. "ह्यात सूत कमी अन् खळच लय हाय," म्हणायची. दुकानदारानं मग कितीही मावशी-मावशी करावं, ती ऐकायची नाही. दुकानात तिला जी माणसं मान द्यायची, त्यांतल्या अर्ध्यांनी तिला गावात साधं 'कशा हात' असंही विचारलेलं नसायचं. मूल झालं नाही म्हणून बारशाला, ओटीभरणाला तिला मागच्या रांगेत बसवणाऱ्या बायकाही बस्त्याला तिच्याशिवाय हलत नसत. बायकांची जात अशी आहे, मी त्यातलीच आहे म्हणून सांगते.

परभणीत कापडाची दुकानं काही थोडकी नव्हती. पण अक्का बस्ता घेऊन जायची ती रंगनाथशेठकडंच. सगळी गाठोडी बांधून झाली की रंगनाथशेठ कागदात गुंडाळलेलं एक लुगडं हळूच तिच्या पिशवीत ठेवायचे. पहिल्यांदा ठेवलं तेव्हा अक्का घ्यायला तयार नव्हती. तेव्हा शेठ म्हणाले होते, "तुमाला भाऊ नाही ना? मग हे माहेरचं समजा."

तेवढ्या एका वाक्यावर अक्का विरघळली. तिचं माहेर सेलूकडं. आईबाप गेलेले, पाठीवर ना भाऊ ना बहीण. नागपंचमीला आम्ही सगळ्या जणी माहेराला निघायचो आणि ती घरातली जनावरं बघत बसायची. तिनं रंगनाथशेठला मनोमन भाऊ केलं. उन्हाळ्यात त्यांच्या घरी कुरडया पाठवायची, संक्रांतीला तिळगूळ. ती लुगडी तिनं लपवून ठेवली नाहीत, राजरोस नेसली. कुणी विचारलं तर म्हणायची, "भावानं घेतलंय." विचारणाऱ्याला वाटायचं, असेल कुणी सेलूकडचा चुलत-मावस. खोटं ती बोलत नव्हती. तिच्या लेखी ते खरंच होतं.

शहाऐंशी सालच्या भाऊबीजेला तिनं ठरवलं, की यंदा शेठला ओवाळायचंच. करंज्यांचा डबा घेतला, नारळ घेतला, ताम्हन पिशवीत घातलं. मला खण घ्यायचा होता म्हणून मीही निघाले. एसटीत ती नव्या नवरीसारखी पदर सारखा करत होती. मी म्हटलं, "अक्का, तुमचा भाऊ दुकानात हाय का घरी, ते तरी म्हाईत हाय का?" ती नुसती हसली.

दुकानात पिंगळीकडचा बस्ता बसला होता. तुळशीच्या लग्नाआधीच त्यांची घाई दिसत होती. गाठोडी बांधून झाली होती, माणसं चपला शोधत होती. आम्ही पायरीवर होतो. त्यांच्यात एक ठेंगणी, हसऱ्या तोंडाची बाई होती, तिला सगळे 'केशरबाई, केशरबाई' करत होते. म्हणजे ती पिंगळीची अक्काच. शेठनी कागदात गुंडाळलेलं लुगडं तिच्या पिशवीत सरकवलं आणि मान जराशी कलती करून म्हणाले, "केशरबाई, तुमाला माहेर लांब पडतं. हे माहेरचं समजा."

तोच आवाज, तीच कललेली मान. अक्काची एक चप्पल पायातच राहिली होती.

शेठचं लक्ष गेलं तेव्हा ते मनापासून म्हणाले, "या, या, बायनाबाई. बस्ता कुणाचा आणलात?"

"बस्ता न्हाई. असंच आले व्हते."

"असं का. बसा, चहा सांगतो," म्हणाले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळले. माणूस वाईट नव्हता. धंद्यात सगळेच देतात, त्यांनी जरा गोड बोलून दिलं, इतकंच. पण मला त्यांच्या गादीवर उभं राहून चार शब्द सुनवावेसे वाटत होते. अक्कानं माझा हात धरला. डबा गादीच्या कोपऱ्यावर ठेवला आणि ताम्हन न काढताच बाहेर आली. माझा खण राहिला तो राहिलाच.

दुसऱ्या दिवशी जोंधळे पाखडताना ती बोलली. "छबू, आजवर किती जणींला मी म्हणले आसंल, की त्याच दुकानात चला म्हून."

"मग? कापड चांगलंच हाय की त्याचं."

"कापड चांगलं हाय." तिनं सूप खाली ठेवलं. "पर लुगडं मिळत नसतं तर मी दुसऱ्या दुकानाची पायरी चढले असते का न्हाई, ते माझं मलाच सांगता येईना."

मी म्हटलं, उगी मनाला लावून घेऊ नका. कुणाचं वाटोळं झालं का? कुणाचा शालू फाटला का? ती म्हणाली, "फाटला न्हाई. पर ती माणसं माझ्या बोटाकडं बगून घेत व्हती, अन् माझ्या पिशवीत काय पडायलंय ते त्यांला कुणी दाखिवलंच न्हाई." मग तिनं ठरवून टाकलं, की इथून पुढं ज्यांना घेऊन जाईल त्यांना आधी सांगायचं.

पहिली पाळी व्यंकटरावांची आली. त्यांच्या मुलीचा बस्ता होता आणि मीही सोबत होते. अक्कानं एसटीतच व्यंकटरावांच्या बायकोच्या कानाला लागून सगळं सांगितलं. गाडीच्या खडखडाटात त्या बाईनं काय ऐकलं देव जाणे, "हो की, हो की" म्हणाली आणि खिडकीतून बाहेर बघू लागली. मी म्हटलं, झालं, सुटलात. पण अक्काचं तोंड उतरलेलंच होतं. "असं सांगून भागत न्हाई. पैसे कोण देणार? व्यंकटराव. त्यांनी ऐकलं का? न्हाई. मग हे सांगितल्यात जमा न्हाई."

दुकानात नोकरानं पहिली साडी पुढं घेतली, आणि तो ती फटकारून उलगडणार तोच अक्कानं तिच्यावर हात ठेवला.

"थांब बाबा. घडी मोडू नको. एकदा का घडी मोडली की माणसाचं मन कापडात गुतून बसतं, मंग सांगून उपेग न्हाई." मग गादीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मी हितं बस्ता आणला की शेठ मला एक लुगडं देतेत. आजवर सांगितलं न्हाई, आज सांगायले. आता माझं ऐकायचं का न्हाई, ते तुमी ठरवा."

शेठ हसले. म्हणाले, बायनाबाई चेष्टा करतात. पण कुणी हसलं नाही. व्यंकटराव उठले, चपला घातल्या आणि त्यांची माणसं त्यांच्यामागं. कुठल्या दुकानात गेले त्यांनी आम्हाला सांगितलंही नाही. आम्ही दोघी स्टँडवर शेंगा फोडत बोरीच्या गाडीची वाट बघत बसलो. मला त्या माणसांचा राग आला नाही, अक्काचा आला. खरं बोलायचंच होतं, तर गाडी सुटत असल्यासारखं इतक्या तातडीनं बोलायची काय गरज होती?

मग गावाला विषयच मिळाला. लुगड्यापायी गाव त्या दुकानात नेत होती म्हणे. ज्यांच्या घरातले शालू दहा धुण्यांनंतरही तसेच होते, तेच जास्त बोलत होते. त्या हंगामात बोरीत लग्नं मोप झाली, बस्ते आमच्या दारावरून गेले, पण आमच्या दारात कुणी थांबलं नाही. धुणं वाळत घालताना जुन्या धोतराचा कोपराही अक्का मुठीत धरून बघायची.

त्यातच पुढच्या वर्षी माझ्या कोकिळाची सोयरीक पाथरीच्या दिनकररावांच्या घरात जुळली. आता हे सांगायला पाहिजे, की कोकिळा माझी असली तरी वाढली अक्काच्या मांडीवर. बाळंतपणानंतर मी वर्षभर अंथरुणाला खिळले होते. मी उठले तोवर पोरीनं आपली आई ठरवून टाकली होती. अक्काला ती 'मोठीआई' म्हणायची आणि मला नुसतं 'आई', म्हणजे मानानं मी लहानच. अक्कानं आयुष्यात स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही. पण कोकिळाचा शालू आपल्या हातानं निवडायचा, हे ती पोर चालायला लागली तेव्हापासून म्हणत आली होती.

आणि नेमकं बोलणी चालू असताना विहीणबाई म्हणाल्या, "बस्ता परभणीला करू. पर बोरीच्या बायनाबाई कोण, त्यांच्या हातानं. आमच्या चुलत जावेच्या सुनंचा शालू त्यांनीच निवडला व्हता म्हणं, रंगनाथशेठच्या दुकानात. आजून कालच घेतल्यावानी हाय."

अक्काची कीर्ती पाथरीला पोचली होती, बदनामी अजून वाटेत होती. "ह्याच त्या," मी शेजारी बसलेल्या अक्काकडं बोट दाखवलं. अक्काचं तोंड असं उजळलं आणि लगेच विझलं. मी ओळखलं, ही तिथंही तेच करणार.

या पार्वतीबाई, आमच्या विहीणबाई, सरळ पाठीच्या आणि कमी बोलणाऱ्या. त्यांनी आधीची एक सोयरीक नुसत्या टोपीच्या मानावरून मोडली होती असं आमच्या कानावर होतं. मी अक्काला चुलीपुढं गाठलं. "ह्या बस्त्यात तोंड उघडायचं न्हाई. लगीन होऊ द्या, मंग गावभर दवंडी द्या. कोकिळाची शपथ हाय तुमाला."

तिनं माझ्याकडं बघितलं. शपथ कुणाची घातली ते मला कळत होतं. "बरं," म्हणाली.

बस्त्याच्या दिवशी ते पाथरीहून आले, आम्ही बोरीहून. दुकानाच्या समोरच्या भिंतीवर नामांतराच्या घोषणा एकीवर एक चुन्यानं लिहिलेल्या होत्या, तिथं दोन्हीकडच्या माणसांची गाठ पडली. रामराम झाले, गादीवर बसलो, चहा आला. शेठनी अक्काकडं बघून न बघितल्यासारखं केलं. नोकरानं शालू काढले. लाल, जांभळा, डाळिंबी, एकावर एक. सगळ्यांचे डोळे दिपले.

"बायनाबाई, बगा," विहीणबाई म्हणाल्या.

अक्का हलली नाही.

"ह्यो डाळिंबी कसा वाटतो?"

अक्काचे दोन्ही हात मांडीवर पडून होते. तिनं शालूकडं बघितलं आणि नजर खाली घातली. जी बाई रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी बाईच्या पदराचंही सूत सांगायची, ती आपल्या लेकीच्या शालूला बोट लावत नव्हती. विहीणबाईंच्या कपाळाला आठी पडली. दिनकरराव म्हणाले, "काय चुकलं का आमचं?" अक्कानं ओठ हलवले, पण आवाज निघाला नाही. मीच तर तो बंद केला होता. आधीचं सांगितल्याशिवाय पुढचं तिला सांगता येत नव्हतं. इतकी साधी गोष्ट मला तिथं बसल्यावर कळली. मला स्वतःचा असा राग आला, की मी शपथेसकट सगळं मोडून टाकलं.

"ईनबाई," मी म्हटलं, "ह्या बोलणार न्हाईत, मी बोलते. ह्या दुकानात बस्ता आणला की शेठ आमच्या अक्काला लुगडं देतेत. आमच्या गावाला ह्यांनी सोताच सांगितलं, म्हून गावानं ह्यांला बोलवायचं बंद केलं. आज मीच ह्यांला गप बसायची शपथ घातली व्हती. आता जे काय म्हणायचं ते मला म्हणा."

शेठ मोजपट्टी उगीच हातात फिरवत होते. विहीणबाईंनी आधी माझ्याकडं बघितलं, मग शेठकडं, मग बराच वेळ अक्काकडं. आणि उठल्या.

"चला," म्हणाल्या.

बाहेर येऊन मी घाईघाईनं चपला घातल्या. वाटलं, आता स्टँडचा रस्ता धरणार आणि पाथरीची गाडी पकडणार. पण विहीणबाई रस्त्यावर उभ्या राहून अक्काची वाट बघत होत्या.

"बायनाबाई, त्या पल्याडच्या दुकानात तुमाला कुणी काय देतं का?"

"न्हाई."

"त्याच्या पल्याड?"

"तितं तर मी कवा गेलेच न्हाई."

"मंग चला तिकडं. तितं सांगा."

आणि आमची वरात निघाली. पुढं विहीणबाई, त्यांच्या जोडीला अक्का, मागं दिनकरराव आणि आम्ही सगळे, टळटळीत दुपारी. पहिल्या दुकानात नोकरानं शालू पुढं टाकला आणि अक्काचा हात आपोआप गेला. कोपरा मुठीत, बोट ओठाला, काठावर. "काठाची जर आत्ताच सुटायलीय. नको." दुसऱ्या दुकानात तीन शालू बघून तिनं तिन्ही बाजूला सारले. विहीणबाई प्रत्येक वेळी तो कोपरा स्वतःच्या मुठीत घेऊन बघत होत्या, शिकत असल्यासारख्या. अक्काचा आवाज मोकळा झाला होता. कित्येक महिन्यांनी मी तो ऐकत होते, आणि माझे डोळे भरून आले ते मी उन्हावर ढकललं.

तिसऱ्या दुकानातून बाहेर पडल्यावर अक्का भर रस्त्यात थांबली. "ईनबाई, खरं सांगू? कापड रंगनाथशेठकडंच चांगलं हाय. तो डाळिंबीच घ्या. पर मी आत यीत न्हाई."

"तुमी आला न्हाईत तर तो डाळिंबी चांगला हाय, हे मला कोण सांगंल?"

"आत्ताच सांगितलं की."

"हात लावल्याबिगर?" विहीणबाईंनी तिचा दंड धरला आणि सगळ्यांना घेऊन परत त्याच पायऱ्या चढल्या.

शेठना कुणी परत येईल असं वाटलं नव्हतं. अक्का गादीवर बसायच्या आधी त्यांना म्हणाली, "शेठ, आज माझ्यासाटी काय बांधायचं न्हाई. आज बी न्हाई अन् फुडं बी न्हाई." शेठनी मान हलवली. त्यांचा चेहरा पडला होता. त्या दिवशी प्रत्येक घडी त्यांनी स्वतः उलगडली.

डाळिंबी शालू अक्कानं तीन वेळा चुरगाळला, उजेडात नेला, आणि मग विहीणबाईंच्या हातात देऊन म्हणाली, "घ्या. ह्येला काय होत न्हाई." बाकीचा बस्ता संध्याकाळपर्यंत चालला. टोप्या आल्या, उपरणी आली, टोपीवरून कुणी काही मोडलं नाही.

शेवटी राहिली पोटझाकणी. नवरीला ज्या पोटानं जन्म दिला त्या पोटाचा मान म्हणून नवऱ्याकडचे नवरीच्या आईला लुगडं घेतात, ते. विहीणबाईंनी हिरव्या काठाचं एक सुरेख लुगडं काढलं आणि माझ्याकडं सरकल्या. "घ्या, ईनबाई."

मी त्याला हात लावला नाही. एवढा दिवसभर आधी-सांगा, आधी-सांगा चाललं होतं, तर मीच मागं का राहू?

"एक गोष्ट आधी सांगते," मी म्हटलं. "पोर माझ्या पोटची हाय, पर तिला वाढिवली ह्यांनी. दुखलं खुपलं ह्यांनी काढलं. पयल्यांदा आई म्हणली ते बी ह्यांलाच. हे म्हाईत असू द्या, अन् मंग लुगडं कुणाला द्यायचं ते तुमी ठरवा."

विहीणबाई गुडघ्यांवर वळल्या आणि ते लुगडं अक्काच्या पुढं धरलं. अक्का टोप्या मोजत होती, आमचं बोलणं तिच्या कानावर गेलं नव्हतं. लुगडं बघताच तिनं हात मागं घेतला.

"हे कशाबद्दल?" तिनं विचारलं.

"कोकिळाबद्दल," विहीणबाई म्हणाल्या. "पोटझाकणी हाय."

अक्कानं माझ्याकडं बघितलं. मी शेठच्या फळीवरची कापडं बघत होते. मग तिनं पदर पुढं केला.